वजनाचं ऑपरेशन स्वखर्चाने केलंय? नंतरच्या त्रासाचा क्लेम कसा लावायचा

वजन घटवण्यासाठी पोटाचं स्लीव्ह किंवा बायपास ऑपरेशन करून घ्यायला सातारा-सांगलीकडचे बरेच जण पुणे-मुंबई गाठतात. विम्यात बसत नाही असं कुणीतरी सांगतं आणि बिल खिशातून भरून मंडळी मोकळी होतात. पंचाईत होते ती पुढे. पोट कापून जोडलेल्या स्टेपलच्या रेषेतून गळती झाली, आतडं अडकलं किंवा पित्ताशयात खडे झाले म्हणून कराडला नाहीतर मिरजेला ॲडमिट व्हावं लागलं, की विमा कंपनीचं पहिलं पत्र येतं: मूळ ऑपरेशनचे कागद द्या, तेव्हाचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) किती होता ते कळवा. म्हणून ऑपरेशनचा क्लेम करायचा नसला, तरी तो करायचाच आहे असं धरून फाईल लावायची.

पॉलिसीत नेमकं काय बघायचं

पॉलिसीच्या पुस्तिकेत ‘एक्सक्लुजन’ (विम्यात न बसणाऱ्या गोष्टींच्या) प्रकरणात कोड ०६ शोधा. लठ्ठपणाबद्दलचं हे कलम आयआरडीएआय या विमा नियामकाने ठरवून दिलेलं आहे, त्यामुळे नेहमीच्या आरोग्य पॉलिसींत ते जवळपास सारखंच असतं. त्यात लठ्ठपणाच्या ऑपरेशनचा खर्च सरसकट नाकारलेला नाही. चार अटी आहेत आणि त्या सगळ्या पुऱ्या व्हाव्या लागतात: डॉक्टरांचा सल्ला, वैद्यकीय प्रोटोकॉलचा आधार, वय १८ किंवा जास्त, आणि बीएमआय ४० किंवा त्यावर. बीएमआय ३५ पासून ४० पर्यंत असेल तर सोबत चारपैकी एक गंभीर आजार हवा: लठ्ठपणामुळे हृदयाच्या स्नायूंचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडणं) किंवा आटोक्यात नसलेली टाइप २ मधुमेहाची साखर. शिवाय वजन घटवण्याचे साधे उपाय करून झालेत आणि ते फसलेत, हेही दिसावं लागतं.

इथेच अनेकांची गल्लत होते. आशियाई लोकांसाठी २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार बीएमआय २७.५ पासून ऑपरेशनचा विचार करता येतो. म्हणजे ३२ बीएमआयला डॉक्टर ऑपरेशन सुचवतात ते योग्यच, पण विम्याच्या अटीत ते बसत नाही.

अटी पुऱ्या होत असतील तर पैसे कुणी भरले हा मुद्दाच उरत नाही. कलम ०६ लागू होत नाही, आणि पुढच्या गुंतागुंतीला ते लावता येत नाही, हा तुमचा सर्वात भक्कम युक्तिवाद. अटी पुऱ्या होत नसतील तर कलमातले शब्द अक्षर न् अक्षर वाचा. लठ्ठपणाच्या ‘ऑपरेशनशी संबंधित खर्च’ एवढंच लिहिलंय, की ‘त्यातून उद्भवणाऱ्या गुंतागुंती’ असंही जोडलंय? पाचव्या दिवशीच्या गळतीला कंपनी ‘संबंधित’ म्हणणारच, आणि तिथे भांडायला जागा कमी असते. दोन वर्षांनी झालेले पित्ताचे खडे मात्र ऑपरेशन न झालेल्यांनाही होतात. तो क्लेम लढवण्यासारखा असतो. फक्त खडे आणि हर्निया बहुतेक पॉलिसींत वेटिंगच्या यादीत (ठराविक मुदत थांबल्यावरच क्लेम मिळणाऱ्या आजारांत), म्हणजे कोड ०२ मध्ये असतात. पॉलिसी नवी असेल तर तिकडूनही नकार येऊ शकतो.

ऑपरेशनआधी: उंची-वजनाचा कागद

ऑपरेशनआधी यकृत लहान व्हावं म्हणून साधारण दोन आठवडे कमी कॅलरीचा आहार देतात. वजन झपाट्याने उतरतं आणि ॲडमिशनच्या कागदावर उतरलेला आकडा चढतो. उंची १६० सेंमी, वजन ९० किलो म्हणजे बीएमआय ३५.२. आहारानंतर तेच वजन ८६ झालं की ३३.६. वर ओपीडीत कुणी टेप न लावता ‘उंची किती?’ असं विचारून १६२ लिहून घेतलं, तर ९० किलोलाही ३४.३ निघतो. दोन सेंटिमीटरने क्लेम जातो.

म्हणून आहार सुरू करायच्या आधी, अनवाणी, भिंतीच्या मापपट्टीवर उंची आणि काट्यावर वजन घ्यायला लावा. तारीख, सही, शिक्का असलेला तो कागद वेगळा ठेवा आणि डिस्चार्ज कार्डात ‘आहारापूर्वीचा बीएमआय’ असं नोंदवून घ्या.

त्यासोबत सर्जनचं सल्लापत्र, स्लीप स्टडीचा रिपोर्ट, औषधं चालू असतानाचे एचबीए१सीचे (सरासरी साखरेचे) किमान दोन रिपोर्ट, इको, आणि आहारतज्ज्ञाकडे घेतलेल्या उपचारांच्या पावत्या. ‘डाएट केलं होतं’ असं तोंडी सांगून कुणी मानत नाही.

आणखी एक काम करा: विमा नाकारणार असं वाटत असलं तरी कॅशलेसची पूर्वमंजुरी मागाच. नकार आला तरी कारण लेखी मिळतं. कॅशलेस नाकारणं म्हणजे क्लेम नाकारणं नव्हे; बिल भरून नंतर रिइम्बर्समेंट मागता येतं.

पॅकेजचा अंदाजपत्रक-कागद घेताना विचारा: गळती झाली तर परत ॲडमिशन, आयसीयू आणि दुसरं ऑपरेशन पॅकेजमध्ये धरलंय का, किती दिवसांपर्यंत? उत्तर लेखी घ्या.

घरी येताना काय आणायचं

डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. ऑपरेशन नोट्स, स्टेपलरचे स्टिकर, तपशीलवार बिल, पावत्या, सगळे रिपोर्ट मागून घ्या. गावाकडच्या डॉक्टरांना ऑपरेशन नोट्सच लागतात: पोट किती कापलं, आतडं कुठे जोडलं, आतली फट शिवली का. सगळ्याचे फोटो मोबाईलमध्ये आणि घरातल्या आणखी एकाकडे ठेवा.

त्रास झाला तर: आधी जीव, मग क्लेम

नाडी १२० च्या वर टिकून राहणं, ताप, डाव्या खांद्यात दुखणं, धाप, पोटरीला सूज: यातलं काही दिसलं तर वाट बघू नका. बायपासनंतर काही महिन्यांनी, अगदी वर्षांनीही, जेवल्यावर कळा येऊन थांबत असतील तर आतल्या हर्नियाची (आतडं आतल्या फटीत अडकल्याची) शंका घ्यावी. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी सीटी स्कॅन लागतो.

जवळच्या दवाखान्यात गेलात तर तीन गोष्टी स्वतःहून सांगा. डायक्लोफिनॅकसारखं दुखण्याचं इंजेक्शन किंवा गोळी नको. बायपासनंतर त्याने जोडावर अल्सर होतो (विडी-सिगारेटनेही होतो). नाकातून नळी आंधळेपणाने घालायची नाही. आणि बरेच दिवस उलट्या होत असतील तर साखरेचं सलाईन लावण्याआधी थायमिन, म्हणजे बी-१. शरीरातला बी-१ चा साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. तो संपलेला असताना नुसतं डेक्स्ट्रोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ‘अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा’ ही आपल्याकडची सवय इथे महागात पडते.

ॲडमिट होताना

तातडीच्या ॲडमिशनमध्ये साधारण २४ तासांत कंपनीला किंवा टीपीएला (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेला) कळवायचं असतं. नेमकी मुदत पॉलिसीत बघा. मे २०२४ च्या आयआरडीएआय परिपत्रकानुसार कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. टीपीए डेस्कवर वेळ लागला की हे आकडे सांगा.

डॉक्टरांकडून निदान नेमकं लिहून घ्या. ‘पोस्ट बॅरिॲट्रिक कॉम्प्लिकेशन’ एवढंच लिहिलं तर टीपीए कलम ०६ लावून मोकळा होतो. ‘पित्ताशयात खडे व तीव्र सूज’, ‘आतल्या हर्नियामुळे आतड्याचा अडथळा’ असं आजाराचं नाव आधी यावं आणि पूर्वेतिहासात ऑपरेशन तारखेसह यावं. ऑपरेशन लपवायला सांगू नका. पोटावरच्या खुणा आणि सीटी स्कॅन लपत नाहीत, आणि खोटं सापडलं की रास्त क्लेमही जातो.

खोली बघून घ्या. तीन लाखांच्या पॉलिसीत भाड्याची मर्यादा १ टक्का असेल तर ती दिवसाला ३,००० रुपये. ६,००० ची खोली घेतली की डॉक्टर, ऑपरेशन थिएटर अशा खर्चातही निम्म्याने कपात होऊ शकते. त्याच ॲडमिशनमध्ये विम्यात न बसणारे उपचारही झाले असतील तर बिलं वेगळी मागा. सैल कातडी काढण्याचं ऑपरेशन कॉस्मेटिकमध्ये जातं, आणि घरी घ्यायच्या प्रोटीन पावडरीची पावती जोडून काही उपयोग नाही.

पॉलिसी नसेल किंवा संपली असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेच्या मदतनीसाला, गाठा. महात्मा फुले जन आरोग्य योजना आजारांच्या यादीवर चालते, त्यामुळे झालेली गुंतागुंत यादीत बसते का ते त्याच्याकडूनच कळेल. हेल्पलाईन १५५३८८.

नकार आला तर

नकारपत्रात पॉलिसीतलं नेमकं कलम दिलेलं असायला हवं. नसेल तर मागा. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा: कलम, ते का लागू नाही, आणि उपचार करणाऱ्या सर्जनचं एक पानी पत्र. हे पत्र सगळ्यात कामाला येतं. ‘आजार काय, उपचार न केल्यास काय झालं असतं, मूळ ऑपरेशनचं कारण आणि आहारापूर्वीचा बीएमआय’ एवढंच त्यात हवं. आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवता येते.

महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटणारं नाही, तर विमा लोकपाल. सातारा-सांगलीसाठी पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही, मर्यादा ५० लाख, आणि कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जायचं. जिल्हा ग्राहक आयोगाला दोन वर्षांची मुदत आहे. तिथे आधी तक्रार केली तर लोकपाल ती घेत नाही, म्हणून क्रम ठरवून मगच पाऊल टाका.

नवी पॉलिसी किंवा पोर्टिंग

ऑपरेशननंतर पॉलिसी घेताना, बदलताना किंवा रक्कम वाढवताना प्रपोजल फॉर्ममध्ये ऑपरेशन लिहाच. आधीच्या ३६ महिन्यांत उपचार झालेली गोष्ट पूर्वीचा आजार धरली जाते आणि तिला जास्तीत जास्त तीन वर्षं वेटिंग लागतं. एजंट ‘कशाला लिहिता, प्रीमियम वाढेल’ म्हणाला तरी फॉर्म स्वतः भरा, त्याच्या मोबाईलवर ओटीपी देऊन मोकळे होऊ नका. सलग ६० महिने झाल्यावर न सांगितलेल्या माहितीवरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज. पण त्या पाच वर्षांत काय होईल याचा भरवसा नाही. नोकरीतली ग्रुप पॉलिसी असेल तर अनेकदा वेटिंग नसतं. एचआरकडून पॉलिसीची प्रत मागून कोड ०६ तिथे शिथिल केलाय का तेवढं बघा.