आधी नदी काढा, मग अमेरिकेचं सिव्हिल वॉर वाचा

एमए इतिहासाला नवीन आलेल्या आणि सेट-नेट किंवा यूपीएससीचा हिस्ट्री ऑप्शनल घेतलेल्या आपल्या इकडच्या पोरापोरींसाठी लिहितोय. मला पहिल्या वर्षी वर्ल्ड हिस्ट्री अजिबात झेपली नव्हती. क्लासच्या झेरॉक्स नोट्समध्ये अमेरिकेच्या सिव्हिल वॉरच्या (गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं विरुद्ध उत्तर) नुसत्या तारखा, 1861 ला सुरू, 1863 गेटिसबर्गची लढाई, 1865 संपलं, आणि मिसिसिपी नदीवरच्या विक्सबर्गला फक्त एक ओळ. पाठ करायचो आणि आठ दिवसात विसरायचो.

आमचं घर वर्धा नदीच्या अलीकडे, अन् वावर पलीकडे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये रपट्यावरून पाणी गेलं ते पाच दिवस उतरलंच नाही, बैल तिकडे, कुटार तिकडे, डवरणी अर्धवट, आणि आम्ही इकडच्या थडीवर उभे. बाबा म्हणाले, "पानी उतरत नाही तवर ते वावर आपलं नाही समज." त्याच रात्री ॲटलास काढला आणि मिसिसिपीवर बोट ठेवून खाली खाली गेलो. नदीच्या पश्चिमेला टेक्सास, आर्कान्सा आणि लुईझियानाचा बहुतेक भाग, पूर्वेला बाकीचा दक्षिण. म्हणजे नदी उत्तरेच्या हातात गेली की दक्षिणेचं पलीकडचं वावर गेलं, तिकडची जनावरं, धान्य, माणसं सगळंच तुटलं.

म्हणून तुम्हीपण आधी फुलस्केपवर नकाशा हातानं काढा, आणि प्रवाहाचा बाण नक्की दाखवा, बहुतेक जण तिथंच चुकतात. टेनेसी नदी शेवटी उत्तरेकडे वाहत जाऊन ओहायोला मिळते, त्यामुळे उत्तरेच्या बोटींना दक्षिणेच्या पोटात शिरायला आयता रस्ता मिळाला. फेब्रुवारी 1862 मध्ये आधी टेनेसीवरचा फोर्ट हेन्री पडला आणि मग शेजारच्या कंबरलँड नदीवरचा फोर्ट डोनेल्सन. एप्रिलमध्ये उत्तरेच्या नौदलाचा फॅरागट समुद्राकडून येऊन न्यू ऑर्लिन्स घेतो, जूनमध्ये वरून मेम्फिस जातं. आता नकाशावर बघा, मधे मोठं असं राहतं काय तर विक्सबर्ग, आणि त्याच्या खाली पोर्ट हडसन.

विक्सबर्गवर मात्र निवांत थांबा. गाव उंच कड्यावर, खाली नदीचा एकदम उलटा वळसा, तिथं बोट हळू झाली की वरून तोफा. उत्तरेचा सेनापती ग्रँटनं समोरच्या थडीवर कालवा खणून नदीच वळवायचा प्रयत्न केला, जमलं नाही (पुढं 1876 मध्ये नदीनं स्वतःच तो वळसा तोडला). मग 16 एप्रिल 1863 च्या रात्री उत्तरेच्याच नौदलाच्या पोर्टरच्या बोटी तोफांच्या खालून निघाल्या, आणि गोळे अडवायला बोटींच्या बाजूला रचल्या होत्या कापसाच्या गाठी! जिनिंगच्या आवारात गाठी बघत मोठे झालेलो आपण, हे वाचून मी पुस्तक खाली ठेवून बसलो होतो. एक मालवाहू बोट जळाली, बाकीच्या बहुतेक निघाल्या. पण खाली गेलेल्या बोटींना प्रवाहाविरुद्ध त्याच तोफांखालून हळूहळू परत येणं जवळपास अशक्य होतं, म्हणजे तो निर्णय एकदाच घ्यायचा होता, उत्तरात हे लिहाच. ग्रँटचं सैन्य पश्चिम थडीनं पायी खाली आलं, 30 एप्रिलला नदी ओलांडली, मागून फिरून गावाला वेढा घातला. 47 दिवस. लोक कड्यात गुहा खोदून राहिले, खेचराचं मटण खायची वेळ आली. 4 जुलैला दक्षिणेचा सेनापती पेंबर्टननं शरणागती दिली, जवळपास 29 हजार सैनिक दक्षिणेच्या हातून एका झटक्यात गेले. गेटिसबर्ग आदल्याच दिवशी संपलं होतं, आणि 9 जुलैला पोर्ट हडसनही पडलं, की पूर्ण नदी मोकळी.

कापसाचा धागा इकडेही येतो. उत्तरेनं दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडातल्या मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, तर व्यापारी वऱ्हाडात उतरले आणि भाव चढले. 1865 ला युद्ध संपलं तसे भाव पडले, पण कापसाची ओढ राहिली, खामगावला 1870 मध्ये रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठीच. आपल्या आजोबा-पणजोबांच्या कापसाचा प्रश्न आहे हा, म्हणून मला तो कोरडा वाटत नाही.

प्रॅक्टिसला उत्तर लिहिताना गुलामगिरी आणि लिंकन हा गाभा सोडू नका, सिलॅबसमध्ये तेच आहे. नदी युद्धाच्या भागात आणा, कोपऱ्यात चार रेघांचा नकाशा, एक बाण, तीन गावं. मला तो काढायला दीड मिनिट लागतो, सुरुवातीला दहा लागायचे.