मेल जातात, पण येत नाहीत? नेमकं कुठे अडलंय ते असं शोधा

आउटलुक किंवा थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये मेल येणं थांबलं की पुष्कळ जण लगेच अकाउंट काढून टाकतात आणि पुन्हा जोडतात. निदान इतक्यात तरी हे करू नका. अकाउंट पॉप पद्धतीने (म्हणजे सर्व्हरवरचे मेल कॉम्प्युटरवर उतरवून घेणाऱ्या पद्धतीने) जोडलेलं असेल, तर जुने मेल फक्त तुमच्या कॉम्प्युटरवरच असू शकतात आणि अकाउंटसोबत तेही हातचे जाऊ शकतात. शिवाय गडबड पासवर्डची किंवा भरलेल्या मेलबॉक्सची असेल, तर नव्याने जोडलेलं अकाउंटही तिथेच अडेल.

आणखी एक गैरसमज आधीच दूर करू. मेल पाठवता येतात म्हणजे सेटिंग बरोबर आहे, असं नाही. पाठवण्याचं काम एसएमटीपी सर्व्हर करतो, आणण्याचं काम आयमॅप (यात मेल सर्व्हरवरच राहतात) किंवा पॉप सर्व्हर करतो. दोघांचे पत्ते वेगळे, पोर्ट (सर्व्हरवर जोडणी जिथे होते त्या दाराचा क्रमांक) वेगळे, काही प्रोग्रॅममध्ये साठवलेले पासवर्डही वेगळे.

१. आधी ब्राउझरमध्ये पाहा

प्रोग्रॅम बाजूला ठेवा. ब्राउझर उघडून मेल सेवेच्या वेबसाइटवर त्याच अकाउंटने लॉगिन करा आणि दुसऱ्या एखाद्या पत्त्यावरून स्वतःला एक मेल पाठवा. तो तिथे दिसला, तर सर्व्हर ठीक आहे. बिघाड प्रोग्रॅममध्ये किंवा त्याच्या जोडणीत. अशा वेळी थेट पुढच्या पायरीवर जा. लॉगिनच झालं नाही, तर आधी पासवर्डची अडचण सोडवा.

मेल तिथेही आला नसेल, तर प्रोग्रॅमशी झटापट करून उपयोग नाही. स्पॅम फोल्डर पाहा, मग जागा तपासा. गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी मिळतात, पण त्या जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून. त्यामुळे इनबॉक्स जवळपास रिकामा असूनही व्हिडिओंनी सगळी जागा व्यापलेली असू शकते. डिलीट केलेले मेल ट्रॅशमधून जाईपर्यंत जागा धरूनच असतात, म्हणून ट्रॅशही रिकामा करा.

जागा असेल, तर वेबसाइटच्या सेटिंगमध्ये फिल्टर आणि फॉरवर्डिंग बघा. तिथे तुम्ही न टाकलेला पत्ता दिसला, तर कोणीतरी अकाउंटमध्ये शिरलं असण्याची शक्यता आहे. तो पत्ता काढा आणि पासवर्ड त्याच क्षणी बदला.

२. प्रोग्रॅम ऑफलाइन तर नाही ना?

हे किरकोळ वाटतं, पण चुकून क्लिक झालेलं 'वर्क ऑफलाइन' भल्याभल्यांना फिरवतं. आउटलुकमध्ये ते 'सेंड / रिसीव्ह' टॅबवर असतं, थंडरबर्डमध्ये 'फाइल' मेन्यूत. त्याचबरोबर यादीवर 'अनरीड'सारखा फिल्टर लागलाय का, मेल 'फोकस्ड'ऐवजी 'अदर'मध्ये जातायत का, एखादा रूल त्यांना भलत्याच फोल्डरमध्ये ढकलतोय का, तेही पाहून घ्या.

३. पासवर्ड आणि लॉगिनची पद्धत

वर्षानुवर्षं नीट चाललेलं अकाउंट काहीही न बदलता अचानक बंद पडलं, तर माझा पहिला संशय इथे असतो. तुम्ही काही बदललेलं नसतं, मेल सेवेने बदललेलं असतं. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसतं यूजरनेम आणि पासवर्ड देऊन बाहेरच्या प्रोग्रॅमला आत येऊ देणं ३० मे २०२२ पासून बंद केलं. मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमच्या वैयक्तिक खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून हेच केलं. म्हणून पासवर्ड अगदी बरोबर असूनही प्रोग्रॅम तो पुन्हा पुन्हा विचारत राहतो.

यावरचा उपाय म्हणजे ओऑथ२, म्हणजे पासवर्ड प्रोग्रॅमला न देता मेल सेवेच्याच खिडकीत लॉगिन करण्याची पद्धत. थंडरबर्डमध्ये 'अकाउंट सेटिंग्ज'मधल्या 'सर्व्हर सेटिंग्ज'वर जा आणि 'ऑथेंटिकेशन मेथड'मध्ये ओऑथ२ निवडा. पुढच्या वेळी मेल आणताना लॉगिनची खिडकी उघडेल. ती उघडूनही काम पुढे सरकत नसेल, तर थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये कुकीज बंद आहेत का ते बघा.

तुमचा प्रोग्रॅम जुना असेल आणि त्याला ओऑथ२ येत नसेल, तर गूगलच्या खात्यासाठी अ‍ॅप पासवर्ड काढता येतो. त्यासाठी टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एकदा ओळख पटवणं) चालू असावं लागतं. मिळालेला १६ अक्षरी पासवर्ड नेहमीच्या पासवर्डच्या जागी टाकायचा. एक लक्षात असू द्या: गूगलचा मुख्य पासवर्ड बदलला की आधीचे अ‍ॅप पासवर्ड रद्द होतात.

४. सर्व्हर आणि पोर्ट

एसएसएल किंवा टीएलएस (जोडणी सुरक्षित करणाऱ्या पद्धती) लावलेल्या आयमॅपचा पोर्ट ९९३, पॉपचा ९९५. जुन्या सेटिंगमध्ये १४३ किंवा ११० दिसतात. तुमची सेवा आता ते स्वीकारत नसेल, तर जोडणी होणारच नाही. सर्व्हरचं नाव पॉपचं आणि पोर्ट आयमॅपचा, अशी खिचडी झालेली नाही ना, हेही बघा. यूजरनेमच्या जागी बहुतेक सेवांना पूर्ण ईमेल पत्ता लागतो.

५. घड्याळ, अँटीव्हायरस, नेटवर्क

सर्टिफिकेटबद्दल (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याबद्दल) तक्रार येत असेल, तर आधी कॉम्प्युटरची तारीख पाहा. सर्टिफिकेटला मुदत असते. घड्याळ काही वर्षं मागे गेलं असेल, तर चांगलं सर्टिफिकेटही अवैध ठरतं.

तारीख बरोबर असूनही तीच तक्रार येत असेल, तर अँटीव्हायरसमधलं मेल स्कॅनिंग तपासा. ते प्रोग्रॅम आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसून स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करतं. संपूर्ण अँटीव्हायरस बंद करू नका. फक्त मेल स्कॅनिंग काही मिनिटं थांबवून मेल आणून पाहा. नेटवर्कचा संशय असेल, तर मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा. त्यावर मेल आले, तर अडथळा तुमच्या राउटरमध्ये किंवा ऑफिसच्या फायरवॉलमध्ये आहे.

कॉम्प्युटर फारच जुना असेल, तर आणखी एक शक्यता उरते. टीएलएसच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरल्या. ज्या सर्व्हरनी त्या बंद केल्या, त्यांच्याशी नवीन आवृत्ती न येणारा प्रोग्रॅम बोलूच शकत नाही. तिथे सेटिंग कितीही बदला, प्रोग्रॅम अपडेट केल्याशिवाय गत्यंतर नाही.

६. पॉप असेल तर

पॉप सर्व्हर एका वेळी एकालाच मेलबॉक्स उघडू देतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवर किंवा फोनवर तेच अकाउंट चालू असेल, तर 'मेलबॉक्स इन यूज' अशा अर्थाचा संदेश येतो. बाकीची उपकरणं बंद करून थोडा वेळ थांबा. मेल अधूनमधून 'गायब' होत असतील, तर दुसरं उपकरण ते आधीच उतरवून सर्व्हरवरून पुसत असेल. त्या उपकरणावर 'सर्व्हरवर प्रत ठेवा' हा पर्याय चालू करा. आणि दर वेळी त्याच मेलपाशी काम थांबत असेल, तर भली मोठी अटॅचमेंट अडकलेली असू शकते. ब्राउझरमधून तो मेल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा.

७. कॉम्प्युटरवरची फाइल

डिस्कवर जागा नसेल, तर नवे मेल उतरणार नाहीत. आउटलुक २०१० आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत पीएसटी फाइलची (ज्यात आउटलुक मेल साठवतं तिची) मूळ मर्यादा ५० जीबी आहे. फाइल खराब झाली असेल, तर आउटलुक बंद करा, फाइलची प्रत काढून ठेवा आणि मग 'इनबॉक्स रिपेअर टूल' चालवा. थंडरबर्डमध्ये इनबॉक्सवर राइट क्लिक करून आधी 'कॉम्पॅक्ट', मग 'प्रॉपर्टीज'मधून 'रिपेअर फोल्डर'.

अकाउंट काढून पुन्हा जोडायचं ते एवढं सगळं झाल्यावर. पॉप असेल तर बॅकअप घेतल्याशिवाय अजिबात नाही.

मधल्या काळातल्या मेलचं काय? सर्व्हरवर पोहोचलेले मेल जोडणी सुधारली की आपोआप उतरतील. सर्व्हरच बंद होता, तर पाठवणाऱ्याचा सर्व्हर सहसा काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. ईमेलच्या मानकात ही मुदत किमान ४-५ दिवस असावी असं सुचवलेलं आहे. मेलबॉक्स भरल्यामुळे परत गेलेले मेल मात्र बहुधा पुन्हा येत नाहीत. ज्यांच्याकडून महत्त्वाचं काही यायचं होतं, त्यांना फोन करून ते पुन्हा पाठवायला सांगा.