जड निवासी ट्रेलरचे एक्सल आणि ब्रेक बदलताना

नवा एक्सल (दोन्ही चाके ज्यावर बसतात तो आडवा दांडा) मागवण्याआधी ट्रेलर वजनकाट्यावर न्यावा, आणि तोही पाण्याची टाकी, गॅस सिलिंडर व सामान भरून, कारण १०० लिटर पाणी म्हणजेच १०० किलो. नवी मुंबईत कळंबोलीच्या पोलाद बाजाराच्या बाजूला असे काटे आहेत. आधी ट्रेलर सोडवून पूर्ण वजन करावे, मग गाडीला जोडून फक्त ट्रेलरची चाके काट्यावर ठेवावीत. दोन्ही वजनांतील फरक म्हणजे हुकवरचा भार. तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा.

समजा, २,००० किलोंपैकी २४० किलो हुकवर पडतात. एक्सलवर १,७६० किलो उरले. अमेरिकी मापाचा ३,५०० पौंडी एक्सल सुमारे १,५८८ किलो पेलतो, म्हणून तो अपुरा. ५,२०० पौंडी सुमारे २,३५९ किलो पेलतो. पण हा बदल एक्सलपुरता राहत नाही. एक्सलची नळी जाड झाल्याने ती पकडणारे यू-बोल्ट बदलतात, पाच बोल्टांचा हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) सहसा सहा बोल्टांचा होतो, आणि १० इंची ब्रेक-ड्रमच्या जागी येणारा १२ इंची ड्रम १४ इंची रिममध्ये मावत नाही. कमानपाटे, रिम व टायर यांतील सर्वांत कमी क्षमतेचा भागच खरी मर्यादा ठरवतो. चेसिसची आणि ओढणाऱ्या गाडीची क्षमता तर मुळीच वाढत नाही.

इलेक्ट्रिक ब्रेक बसवताना डावा-उजवा संच अदलाबदल होऊ देऊ नये आणि दोन शूंपैकी (ड्रमवर आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांपैकी) आखूड शू पुढच्या बाजूस ठेवावा. माझ्या मते या कामात सर्वाधिक कंजुषी वायरमध्ये होते. प्रत्येक ब्रेकमधला, शू ड्रमवर दाबायला लावणारा चुंबक सुमारे ३ अँपिअर प्रवाह घेतो. वायर बारीक असेल तर चुंबकापर्यंत पुरेसा विद्युतदाब पोहोचत नाही आणि नवाकोरा ब्रेकही ढिला वाटतो. म्हणून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्यावी, अर्थिंग (प्रवाहाची परतीची वाट) हुकच्या गोळ्यावर न सोडता स्वतंत्र वायरने गाडीपर्यंत न्यावे, आणि ठाणे खाडीकडची दमट, खारट हवा लक्षात घेऊन प्रत्येक जोड जलरोधक करावा. ट्रेलर सुटल्यास ब्रेक आपोआप लावणारा स्विच आणि त्याची स्वतंत्र बॅटरी वगळू नये.

नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ खाली येतो. त्यामुळे वेल्डिंगला हात घालण्यापूर्वी आरटीओत विचारणा करावी.

नवे शू ड्रमवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी ६५ वरून ३० किलोमीटरपर्यंत वेग उतरवण्याची क्रिया २० ते ३० वेळा, मध्ये ब्रेक थंड होऊ देत, करावी. हे झाल्याशिवाय कसारा किंवा खंडाळ्याच्या घाटात ट्रेलर नेऊ नये. चाकाचे नट पहिल्या ८० किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत, आणि सुमारे ३०० किलोमीटरनंतर चाक उचलून, ते किंचित घासत फिरेल इतपत ब्रेक पुन्हा जुळवावेत.