पाने वाळली की पाणी तोडा: कंदवाल्या ॲलोसाठी ऑक्टोबर ते मेचा सल्ला

ॲलो ब्युटनेरी या कोरफडीच्याच गटातल्या कंदवाल्या झाडाची पाने ऑक्टोबर हीटमध्ये टोकाकडून पिवळी पडून वाळू लागली की पाणी बंद करा. कमी नव्हे, बंद. माली, घाना, टोगो, बेनिन, नायजेरियाच्या गवताळ माळांवरची ही जात. तिथल्या माळपट्ट्यातही आपल्यासारखाच एक पावसाळा, मग कोरडे महिने. त्या काळात ती पाने टाकून जमिनीखालच्या कांद्यासारख्या गड्ड्यावर तगते. वरून वणवा गेला तरी.

झाड सुकतेय म्हणून नेमके याच वेळी पाणी वाढवले जाते आणि तिथेच नुकसान होते. पान नाही म्हणजे पाणी ओढणारे कुणी नाही. थंडीत माती ओलीच राहते, बुरशी बुडातून शिरते, जूनमध्ये कोंब फुटत नाही तेव्हा कळते. कोरफडीचे वेळापत्रक हिला लावू नका; कोरफड बारमाही हिरवी असते.

परतीचा पाऊस आणि नोव्हेंबरातला अवकाळी सगळ्यात घातक. ढग दिसताच कुंड्या पत्र्याखाली घ्या. वाफ्यात असतील तर वर प्लॅस्टिक ताणा, बाजू उघड्या ठेवा, चर मोकळे करा. बाकी कामे थांबली तरी चालतील.

महिन्यातून एकदा मानेजवळची माती बोटाने सारून गड्डा अंगठ्याने दाबा. टणक असेल तर माती लोटून द्या. मऊ लागला, आंबूस वास आला, तर लगेच काढा. पांढरा निरोगी भाग लागेपर्यंत कापा, दर कापाला सुरी पुसा, कापावर कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची पेस्ट लावा, सावलीत आठ-दहा दिवस सुकवून कोरड्या वाळूत ठेवा. सड मानेपर्यंत पोहोचली असेल तर फेकून द्या. शेजारच्या कुंड्यांना तेच औषध लिटरला 2.5 ग्रॅम, पण माती ओली असेल तरच. कोरड्या कुंडीत आळवणी (औषधाचे पाणी मुळाशी ओतणे) म्हणजे पुन्हा पाणीच.

नेहमीची कामे:
– माती: जाड वाळू 2, लाल माती 2, कुजलेले शेणखत 1 भाग
– तळाला भोक असलेली मातीची कुंडी
– गड्डा मातीत, मान उघडी
– पिठ्या ढेकूण: 5 टक्के निंबोळी अर्क
– गाठाळ, फुलकोबीसारखी वाढ: कोळी (डोळ्यांना न दिसणारी बारीक कीड), तो भाग कापून जाळा

दुकानदार परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे), ह्युमिक, मुळे वाढवणारी पावडर गळ्यात मारतील. चाळलेला विटांचा चुरा परलाइटचे काम करतो. झोपलेल्या गड्ड्याला खत-टॉनिक काहीच नको. आणि हिचे 'फुटवे' कुणी ढिगाने विकत असेल तर ती बहुधा साधी कोरफड. ही सहसा एकटीच वाढते, रोपे बियांपासून करावी लागतात. रानातून उपटलेले गड्डे घेऊ नका: कोरफड सोडून सगळे ॲलो साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहेत.

पाणी पुन्हा सुरू करायला वळवाची सर ही खूण मानू नका. कोंब बोटभर वर येऊ द्या, हा आमचा अंदाज; पहिले पाणी अर्धा तांब्या, पुढचे माती दोन इंच खोल सुकल्यावर.