मासाच्चोचं 'ट्रिनिटी' कसं बघायचं

जुनं ख्रिस्ती धार्मिक चित्र समोर आलं की आपण लगेच हा कोण, ती कोण हे शोधत बसतो आणि चित्र बघायचं राहूनच जातं. नावं नंतर बघू, आधी हे बघा की चित्रकाराने तुम्हाला कुठे उभं केलंय.

फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला चर्चच्या भिंतीवरचं इटालियन चित्रकार मासाच्चोचं ट्रिनिटी घ्या, म्हणजे पवित्र त्रैक्य: देवबाप, पुत्र येशू आणि पवित्र आत्मा. साधारण 1427 चं, 6 मीटरपेक्षा उंच. मोबाईलवर नको, मोठी प्रिंट काढा, पट्टी घ्या आणि कमानीखालच्या छताच्या आत जाणाऱ्या रेषा पेन्सिलने खाली वाढवत न्या. सगळ्या क्रूसाच्या पायथ्याजवळ येऊन भेटतात, आणि चर्चमध्ये उभं राहिलं की ती जागा जवळपास आपल्या डोळ्यांसमोर येते. गवंडी सूत धरतात ना, तसंच मासाच्चोने दोरी वगैरे ताणून ओल्या गिलाव्यात रेषा दाबून घेतल्यात, त्या खुणा अजून दिसतात.

आता त्या डोळ्यांच्या पातळीपासून वर चढा. कडेला गुडघे टेकलेले नवरा-बायको चित्राचे देणगीदार, ते खांबांच्या बाहेर आहेत, आपल्या बाजूला, आणि आधीच्या बऱ्याच चित्रांत देणगीदार चिमुकले असायचे तसे नाहीत, आतल्या मरिया-योहानाएवढेच (येशूची आई आणि शिष्य) मोठे. मग आत मरिया. तिच्याकडे निवांत बघा. समोर मुलगा क्रूसावर आहे पण ती रडत नाही, त्याच्याकडे बघतही नाही, थेट आपल्याकडे बघते आणि हाताने नुसतं दाखवते, हा बघा. मला तर सगळ्या चित्रात हा हातच सगळ्यात जड वाटतो. मागे देवबाप दोन्ही हातांनी क्रूस धरून उभा, आणि त्याच्या दाढीखाली पांढरी कॉलर वाटते ना, ते कबुतर आहे, पवित्र आत्मा. पहिल्यांदा बहुतेकांचं चुकतंच.

शेवटी त्या पातळीच्या खाली या. दगडी पेटीवर सांगाडा आणि वर इटालियन ओळ, तुम्ही आज जे आहात ते मी होतो, मी आज जे आहे ते तुम्हीही व्हाल. 1570 च्या सुमारास चित्रासमोर वेदी बांधली गेली, नंतर 19व्या शतकात वरचा भाग काढून दुसऱ्या भिंतीवर नेला, सांगाडा तिथेच झाकलेला, तो सापडला 1950 नंतर. तेव्हा प्रिंट घेताना खालचा भाग कापलेला नाही ना ते आधी बघून घ्या.