शॉवरला धार नाही? टाकी मोठी करू नका
वरच्या मजल्यावरचं गिऱ्हाईक हमखास म्हणतं, ‘दादा, १००० लिटरची टाकी बसवा, प्रेशर येईल.’ मी प्लंबर. टाकी विकली तर मला चार पैसे सुटतील, धार मात्र तेवढीच राहील. दाब टाकीत पाणी किती यावर ठरत नाही, ते नळापेक्षा किती उंचावर आहे यावर ठरतो. १० मीटर उंचीला साधारण १ किलो दाब (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर १ किलो). तुमची टाकी शॉवरच्या दीड मीटर वर असेल तर हिशेब तुम्हीच करा.

म्हणून आधी टेप घ्या आणि टाकीतल्या पाण्यापासून शॉवरपर्यंतचं उभं अंतर मोजा. आडवा पाइप मोजू नका. मग शॉवरची जाळी काढून नुसत्या पाइपाखाली बादली लावा. धार सुधारली तर जाळीत क्षार बसलेत. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा. नाही सुधारली, तर टाकीखालचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का बघा. (बरेचदा तिथंच मिटतं, आणि माझी मजुरी बुडते.) टाकीतून उतरणारा पाइप अर्धा इंची निघाला तर एक इंची टाका, घर्षणात जाणारा दाब वाचेल.

उंचीच कमी असेल तर छोटा प्रेशर पंप किंवा लोखंडी स्टँड. भरलेली १००० लिटरची टाकी म्हणजे एक टन. स्टँडचे पाय बीमवर घ्या, स्लॅबच्या मध्यावर नको.