मुळ्याच्या पेरॉक्सिडेजने सांडपाण्यातले फिनॉल काढणे

मुळ्यातले पेरॉक्सिडेज हे एन्झाइम हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीने फिनॉलचा साका करते; ते अल्जिनेटच्या मण्यांत अडकवून वापरायचे. १०० ग्रॅम ताजा मुळा २०० मिली थंडगार ट्रिस बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण; ०.०५ मोलर, पीएच ७) वाटून फडक्यातून गाळा. गाळ खाली बसला की वरचे पाणी घ्या. फॉस्फेट बफर वापरू नका. फॉस्फेट मण्यांना घट्ट धरणारे कॅल्शियम ओढून घेते आणि मणी विरघळतात. सांडपाण्यात फॉस्फेट भरपूर असेल, तर हे मणी तिथे टिकणारच नाहीत.

हा अर्क आणि ४ टक्के सोडियम अल्जिनेट (समुद्री शेवाळापासूनचा, कॅल्शियमने घट्ट होणारा पदार्थ) समप्रमाणात हलक्या हाताने मिसळा, बुडबुडे नकोत. सिरिंजने थेंब थेंब ०.२ मोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडा (निर्जल असेल तर लिटरला साधारण २२ ग्रॅम) आणि तास-दोन तास घट्ट होऊ द्या. एन्झाइम गळणे हे अल्जिनेटचे जुने दुखणे. मणी धुतलेले पाणी ग्वायाकॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने तपासा, तांबूस-तपकिरी रंग आला तर गळती आहे.

मणी सांडपाण्यात टाका आणि त्याचा पीएच ६ ते ७ ठेवा. १ मिलिमोलर फिनॉलला (लिटरला ९४ मिग्रॅ) साधारण १ मिलिमोलर पेरॉक्साइड लागते. ते एकदम ओतू नका, तासाभरात चार-पाच हप्त्यांत द्या. जास्त झाले की एन्झाइमच निकामी होते, आणि बहुतेक प्रयोग इथेच फसतात.

तयार होणारा तपकिरी साका गाळून वेगळा काढा. तो मण्यांवर चढला की वेग मंदावतो. एन्झाइमविना मण्यांची तुलनाचाचणी हवीच, नाहीतर नुसते शोषण यश वाटेल.